थंड प्लाझ्मानं चटणीतले जंतू मरतात काय?

प्रश्न : नमस्कार, मी निपाणीची. संकेश्वरी मिरची आणून घरातच चटणी कुटून विकतो आम्ही. भाचा म्हणतोय थंड प्लाझ्माचं मशीन आलंय, न तापवता जंतू मरतात. खरं काय हे? घ्यावं काय?

उत्तर : ताई, भाचा सांगतोय ते खरं आहे बघा. हवेला नाहीतर आर्गॉनसारख्या गॅसला हाय व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन सुटे होतात, असल्या गॅसलाच प्लाझ्मा म्हणतात. ते इलेक्ट्रॉन लई गरम असतात पण बाकीचा गॅस खोलीच्या तापमानाच्या आसपासच राहतो, म्हणून थंड. त्यात ओझोन, नायट्रोजनचे ऑक्साईड असलं कायकाय तयार होतं आणि ते साल्मोनेला, ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जंतूंच्या पेशीचं आवरणच फोडतं.

पण हे काम वरवरचं. मिरचीच्या देठाजवळ, सुरकुतीत लपलेला जंतू वाचतो, आणि चटणीचा ढीग ठेवला तर आतल्या कणापर्यंत काही पोचतच नाही, सारखी हलवत ठेवावी लागते. बॅसिलस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप, तर लई चिवट. जास्त वेळ दिला की रंग उतरतो, तीळ-खोबऱ्याचं तेल खवट होऊ शकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, आत्ता पैसे घालू नका. मोठे मसालेवाले वाफेनं निर्जंतुक करून घेतात, तशी सोय जवळ मिळाली तर बघा. नाहीतर मिरची अंगणात भुईवर नको, स्वच्छ ताडपत्रीवर वाळवा, कोंबड्या लांब ठेवा. साल्मोनेला कोरड्या मसाल्यात महिनोन्‌महिने तग धरतो, ओल लागली की वाढतो, त्यामुळं बरणीत ओला चमचा अजिबात घालू नका, गिऱ्हाइकालाबी तेवढं सांगा.