१४ महिन्यांची मुलगी अजून बसत नाही. राजापूरकडे तपासणी आणि थेरपीसाठी कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आधाराशिवाय बसत नाही, उजव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेलीच असते, आणि घरची मोठी माणसं म्हणतायत की दोन वर्षांची होईपर्यंत वाट बघा. माझं ऐकाल तर वाट बघू नका. याच आठवड्यात दाखवा.

बहुतेक मुलं नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसायला लागतात. पण मला त्याहून मुठीची काळजी जास्त वाटते. वर्षाच्या आतलं मूल साधारणपणे दोन्ही हात सारखेच वापरतं. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल तर ‘डावखुरी असेल’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. कारण काय ते डॉक्टर शोधतील. मात्र आजाराचं नाव कळेपर्यंत थेरपी अडून राहत नाही, हे आधी मनात पक्कं करा. एमआरआयची तारीख, मोठ्या डॉक्टरांची वेळ, याला महिने जातात. हात उघडायचे, मान सावरायचे, बसायचे व्यायाम त्याआधीच सुरू करता येतात, आणि मेंदू सगळ्यात भराभर घडतो तो याच वयात.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा राहत नाही. आम्ही देवगड तालुक्यात राहतो, त्यामुळे घाटी चढउतार करून एसटी गाठणं काय असतं ते मला सांगायला नको.

सुरुवात अंगणवाडी सेविकेपासून किंवा आशाताईंपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं आणि पुढे पाठवायची चिठ्ठी देतं. पण पथकाची फेरी कधी येईल याच्या भरवशावर बसू नका. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या आणि रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ म्हणून विचारा. अशा मुलांना लवकर उपचार मिळावेत म्हणून जिल्हा पातळीवर काढलेलं हे केंद्र. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एकाच ठिकाणी असावेत अशी ती योजना आहे. प्रत्यक्षात एखादी जागा रिकामी असू शकते, म्हणून कोण कोणत्या वारी असतं ते फोनवर विचारूनच निघा. त्याच फेरीत कान आणि डोळेही तपासून घ्या. कानासाठी ‘बेरा’ चाचणी सांगतील, ती टाळू नका.

आता खरं काम घरचं. कोकणातून रोज थेरपीला जाणं कुणालाच झेपत नाही. म्हणून थेरपिस्टना सरळ सांगा, ‘आम्हाला महिन्यातून एकदा जमेल, मधल्या दिवसांत घरी काय करायचं ते हाताला धरून शिकवा.’ आणि ते शिकवत असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. आमच्या थेरपिस्टनी कोपऱ्याच्या खुर्चीचं माप लिहून दिलं. गावच्या सुतारानं ती फणसाच्या लाकडाची केली. पाठीला दोन फळ्या काटकोनात, त्यामुळे खांदे पुढे येतात. पायांमध्ये एक खुंटी, समोर कडा असलेला पाट. त्या पाटावर दोन्ही हात आले आणि मुलगा पहिल्यांदा आपल्या हातांकडे बघायला लागला. भरवतानाही तीच खुर्ची. आडवं झोपवून पातळ पेज पाजली की त्याला ठसका लागायचा. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घट्टसर आटवल (मऊ भात) समोरून चमच्यानं द्यायला शिकवलं तेव्हा जेवण सुखाचं झालं. तुमच्या मुलीला नेमकं काय लागेल ते तपासूनच ठरेल, माझं बघून करू नका.

दोन गोष्टी मात्र नकोतच. आखडलेला हात मालीश करणाऱ्या बाईंना ओढून सरळ करू देऊ नका. आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी चाकांचा वॉकर आणलाच तर तो माळ्यावर ठेवा. त्यानं मूल चालायला शिकत नाही, वर पडायची भीती.

सासूबाईंना थेरपीला सोबत न्या. दिवसभर मुलगी त्यांच्याच मांडीवर असते ना? कसं धरायचं ते थेरपिस्टनी त्यांनाच दाखवलं तर ‘थांबा’ म्हणणंही कमी होईल. देवाला गाऱ्हाणं आम्हीही घातलं, पण तपासणी त्यासाठी लांबवली नाही.

कागदांचं नंतर बघा, पण विसरू नका. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र देतात आणि पुढे पुन्हा तपासतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहून आलं तर एसटीची सवलत मिळते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळू शकतो, थेरपीसुद्धा त्यात धरतात. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रत्नागिरीला जाताना प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, जन्माचं वजन, लगेच रडली होती का, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. आणि ती घरी खेळत असतानाचा एखादा व्हिडिओ जवळ ठेवा, कारण अनोळखी खोलीत मुलं रडतात आणि हात कसा वापरतात ते डॉक्टरांना दिसतच नाही.