फार्मसीला जायचंय? आधी काउंटरमागचं काम बघ

बारावीतच औषधाचं काम जवळून बघावंसं वाटलं, हे फार चांगलं झालं पोरी.

सुरुवात तालुक्याच्या मेडिकलपासून कर. फोन नको, स्वतः जा. बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नको, तेव्हा दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी गर्दी ओसरली की विचार, "भाऊ, आठवडाभर रोज दोन तास बाजूला उभी राहून काम बघू का?" मुदत सांगितली की होकार लवकर येतो. पण नोंदणीकृत फार्मासिस्ट तिथं स्वतः बसतो का, हे आधी बघ. भिंतीवर नाव एकाचं आणि काउंटरवर माणूस दुसराच, अशा दुकानात वेळ घालवू नको.

नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्र आहेच. तिथं वैद्यकीय अधिकाऱ्यांना साधा लेखी अर्ज दे.

नवी मुलं हमखास चुकतात ते इथे:

- हौसेनं गोळ्या काढून देतात. तू हात लावू नको. फार्मसी कायदा, १९४८ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम.
- कोणाला कशाचं औषध लागलं, ते घरी सांगतात. आपल्या गावांत सगळे ओळखीचे. एक शब्द बाहेर गेला की त्या माणसाचं दुकानात येणं बंद होतं. आईलासुद्धा सांगायचं नाही.
- नुसती औषधांची नावं पाठ करतात. त्यापेक्षा एच-वन औषधांची, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्यांची, नोंदवही बघ, न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत कसं ठेवतात ते बघ.

प्रमाणपत्राची घाई करू नको. डी.फार्मचं, म्हणजे फार्मसीच्या पदविकेचं, ५०० तासांचं प्रशिक्षण पुढे वेगळं करावंच लागतं.