मुलगा एसटीची मॉडेलं करत बसतो, बारावीचं काय?

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. मुलगा बारावी सायन्सला, सहामाहीत ६१ टक्के. अभ्यास सोडून सनबोर्डच्या लालपऱ्या करत बसतो आणि रोज रात्री अर्धवट गाडीचे फोटो आपल्यासारख्याच मॉडेलवेड्या पोरांच्या ग्रुपवर टाकतो. साताऱ्याच्या कुणीतरी ‘मागची शिडी चुकलीय’ म्हटलं, तर तीन दिवसांचं काम उपटून पुन्हा केलं. मी गणिताचं काढलं की दार आपटतो. मी खऱ्या गाडीत धक्के खाल्ले, यानं खेळण्यातल्या गाडीत आयुष्य काढायचं का?
– एक पालक, सांगली जिल्हा

नमस्कार.

पत्राबरोबरचे फोटो मी आधी पाहिले, पत्र नंतर वाचलं. १:२० प्रमाणात अकरा मीटरची गाडी ५५ सेंटिमीटरची होते. पत्र्यावरच्या सेंटिमीटरभर रिव्हेटचं डोकं उरतं अर्धा मिलिमीटर. तुमच्या मुलानं ती डोकी सुईच्या टोकानं फेविकॉलचे थेंब ठेवून केली आहेत, आणि ओळ कुठे वाकडी गेलेली नाही. याला मी तरी खेळणं म्हणणार नाही.

पण मला रिव्हेटपेक्षा शिडी महत्त्वाची वाटली. झालेलं काम मोडणं मोठ्या माणसांना जमत नाही. शिवाय त्यानं चुकलेल्या शिडीचा फोटोही लपवला नाही, चार लोकांना दाखवला. साताऱ्याच्या त्या गृहस्थानं ‘नीट कर’ असं मोघम सांगितलं नसणार. पायऱ्यांमधलं अंतर किती जास्त आहे, ते सांगितलं असणार. आपण मात्र घरी ‘अभ्यास कर’ म्हणतो. त्याच्याजवळ बसून, गणितातलं नेमकं कुठलं प्रकरण अडतं, एवढंच विचारून पाहा. दार आपटणार नाही अशी हमी देत नाही.

आता पोटापाण्याचं. ‘मॉडेल मेकर’ नावाची नोकरी शोधायला गेलात तर निराश व्हाल. मुंबई-पुण्यात आर्किटेक्ट आणि बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं करणारी वर्कशॉप आहेत, पण तिथे सुरुवातीचा पगार बेताचाच, आणि कापाकापीचं बरंच काम आता लेझर मशीन करतं. हेच कौशल्य दुसऱ्या नावांनी मात्र बऱ्याच ठिकाणी लागतं. तुमच्या शेजारी कोल्हापूरच्या फौंड्रीतला पॅटर्न मेकर घ्या. ज्या नमुन्यावरून ओतकामाचा साचा घेतात, तो पॅटर्न घडवणारा हा माणूस. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मीटरभराच्या भागाचा पॅटर्न सेंटिमीटरभर मोठा करावा लागतो. वर साच्यातून तो सुटावा म्हणून कडांना किंचित उतार. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे धरणं नि बंदरं लहान प्रमाणात बांधून त्यांत पाणी खेळवून पाहतात. १:१०० च्या मॉडेलमध्ये लाटेचा काळ, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, दहापट कमी होतो, कारण तिथे वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं बदलते. हे त्याला जरूर सांगा. गणिताच्या पुस्तकाकडे तो वेगळ्या नजरेनं पाहील असं मला वाटतं. मोटार कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओत तर गाडीचं रूप ठरवताना आजही मातीची, म्हणजे क्लेची, मॉडेलं घडवतात.

या वाटेला लागायचं तर दोन परीक्षा पाहा. पहिली यूसीड, डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा. ती आयआयटी मुंबई घेते, बारावीच्या कुठल्याही शाखेचा मुलगा बसू शकतो, आणि तीत चित्र काढावं लागतं. दुसरी अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची. तिच्या दुसऱ्या टप्प्यात समोर ठेवलेल्या साहित्यातून हातानं वस्तू करून दाखवायची असते, आणि तिथे तुमचा मुलगा घाबरणार नाही. दोन्हींचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या कितीतरी आधी भरावे लागतात, तेव्हा तारखा आजच बघा. जागा थोड्या आहेत, निवड झाली नाही तर आभाळ कोसळत नाही. खासगी डिझाइन कॉलेजांची फी मात्र लाखांत असते. तिथली वर्कशॉप स्वतः पाहिल्याशिवाय कर्ज काढू नका. मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा टूल अँड डाय मेकर, म्हणजे हत्यारं नि साचे घडवण्याचा, ट्रेड हेही कमी प्रतीचे रस्ते नव्हेत. तुमच्या घरच्या हिशेबात कदाचित तेच आधी बसतील.

ग्रुपवरचे फोटो पुसू देऊ नका. मुलाखतीत चकचकीत पूर्ण गाडीपेक्षा चुकलेली शिडी, तिच्यावरची टीका आणि नवी शिडी हे तीन फोटो जास्त बोलतील. एका वहीत तारीख, प्रमाण, डेपोत घेतलेलं माप आणि काय बदललं, एवढं लिहून ठेवायला सांगा. फोन बंद करू नका, बारावी होईपर्यंत मॉडेल शनिवार-रविवारी आणि फोटो फक्त रविवारी, असं त्याच्याशी ठरवून घ्या. हुकूम सोडलात तर तो रात्री चादरीत फोन घेऊन बसेल.

छंद छंदच राहिला तरी काय बिघडलं, हाही माझा प्रश्न आहेच. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, एका माणसाच्या हौशीतून उभं राहिलेलं. सुट्टीत त्याला तिथे न्या. आणि तुमच्याच महामंडळाची दापोडीची कार्यशाळा आहे, तिथे ओळखीनं रीतसर परवानगी मिळाली तर गाडीचा सांगाडा उघडा असताना त्याला दाखवा. ते माझ्या हातात नाही, तुमच्या आहे.

एक राहिलं. स्प्रे तो स्वयंपाकघरात मारतो, असं तुम्ही ओघात लिहिलंय. गॅसच्या शेगडीजवळ ते अजिबात नको. गच्चीवर जाऊ दे, तोंडाला मास्क लावून.