घर-अंगण : तुमचे प्रश्न
फरशीखाली थर टाकू की नको?

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. अकोल्यात अकराशे चौरस फुटांचं एकमजली घर बांधतोय. जोत्यापर्यंत काम आलंय, आता भरणी होऊन पीसीसी (फरशीखालचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) पडेल. मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. तो म्हणतो, काँक्रीटखाली दोन इंची फोमच्या शीट टाकून घ्या, आमच्याकडे त्याशिवाय कोणी जमीन करत नाही. कंत्राटदाराने त्याचे सव्वा लाख वेगळे सांगितले. आमचे मिस्त्री हसतात. यजमानांचे गुडघे थंडीत फार दुखतात, म्हणून मन डळमळतंय. फरशी एकदा बसली की पुन्हा उकरता येणार नाही. काय करावं? — एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, मिस्त्री हसले हे बरं नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. थर टाकू नका. आणि मुलगाही चुकत नाही, तो फक्त त्याच्या गावचं सांगतोय.

जमिनीत दोन-तीन मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही. तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. विनिपेगची सरासरी ३-४ अंश. म्हणजे त्याच्या घराखाली बारा महिने फ्रिज ठेवलेला आहे, आणि तो वर हीटर लावून बसतो. जळणाचा पैसा जमिनीत मुरू नये म्हणून फोम. दोन इंची फोम उष्णता जेवढी अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट दोन मीटरच्या वर जाड लागेल. तिथे तो खर्च वसूल होतो.

अकोल्याची सरासरी २७च्या आसपास. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना तुमच्या घराखाली त्याहून कितीतरी थंड माती पडून असते, आणि फरशीवाटे ती घरातली उष्णता ओढून घेते. तीही विजेचं बिल न लावता. माझी आई मूर्तिजापूरच्या घरी एप्रिल लागला की दुपारी खाट सोडून शहाबादी फरशीवर पदर टाकून निजायची. खाली फोम असता, तर त्या फरशीला उष्णता सोडायला जागाच उरली नसती, आणि संध्याकाळपर्यंत तीही खोलीसारखीच तापली असती. एवढे सव्वा लाख देऊन हे कशाला करायचं?

आता यजमानांचे गुडघे. डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ वर येतो तेव्हा फरशी पायाला झोंबते, खरं आहे. पण त्या वेळी फरशी खोलीतल्या हवेपेक्षा फारशी थंड नसते. लाकडी पाटावर पाय ठेवा आणि लगेच शेजारच्या टाइलवर ठेवा. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत होते, तरी टाइल गार लागते, कारण ती तळव्यातली ऊब भराभर ओढते. फोम टाकणार काँक्रीटखाली, पाय असणार टाइलवर. झोंबणं तसंच राहील. पलंगाशेजारी जाड सतरंजी आणि पायात कापडी सपाता, एवढ्यावर काम भागतं. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

फरशी गार लागण्यापेक्षा ओल चढण्याची काळजी करा, आणि अकोल्यात काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशा उचलते. जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरायला सांगा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकून घ्या. भरणी गाडीतून एकदम ओतून वर पीसीसी मारलेली दिसली तर काम थांबवा, संकोच करू नका. मग वाळवीचं औषध, नऊ इंची सोलिंग (दगडांचा थर), त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग चार इंची पीसीसी. कागदाचे सांधे फूटभर एकमेकांवर चढवायचे. या कागदाला पैसे फार लागत नाहीत आणि तोच नेमका विसरला जातो. वाळवीवरून आठवलं : फोम ती खात नाही, पण पोखरून त्यातून आरामात वाट काढते, आणि काँक्रीटखाली ते तुम्हाला दिसणार नाही.

फरशीखाली थर मी आयुष्यात घातलाय तो नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहांत. तिथे आत शून्याजवळ तापमान ठेवायचं असतं, म्हणून खालची उबदार माती शत्रू. राहत्या घरात ती शत्रू नाही.

ते सव्वा लाख डोक्यावर खर्च करा. एकमजली घर म्हणजे सगळी स्लॅब उन्हात. दिवसभर ती तापते आणि रात्री दहाला पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. आपल्या वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड छपरामुळे सुसह्य होती. आपण ती पाडली आणि पाच इंची काँक्रीट घातलं. २०१८ साली केंद्र सरकारने घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून उष्णता किती वेगाने उतरते याच्या आकड्याची तिथली कमाल मर्यादा १.२ आहे. नुसत्या स्लॅबचा आकडा ३च्या वर जातो. दोन इंची एक्सपीएस (फोमच्या कडक शीट) घातलं की तो १च्या खाली येतो. म्हणजे मुलाचाच फोम, फक्त जागा बदलून.

तो स्लॅबच्या वरच हवा, खाली नाही. १९९६ साली मी स्वतःच्या घरी स्वस्तात म्हणून खालून थर्मोकोलची सीलिंग केली. ऊन स्लॅबला लागतच राहिलं, ती ताणून-आखडून तडकली, आणि गळती सीलिंगने दोन पावसाळे झाकून ठेवली. इंजिनिअर असून. सीलिंग काढली तेव्हा सळया गंजून गिलावा सुटलेला.

क्रम असा : स्लॅब, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, वर उतार देऊन कोबा, शेवटी पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी). पॅकिंगचा थर्मोकोल आणला तर परत पाठवा, तो दबतो आणि पाणी पितो. आणि फोम अंथरण्याआधी वॉटरप्रूफिंगवर चार इंच पाणी तीन दिवस भरून ठेवा. खालून एकही डाग दिसला नाही, तरच पुढचं काम करू द्या.