सही, स्वाक्षरी आणि ‘डिजिटल स्वाक्षरीत’

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी एका करारनाम्याचा मराठी अनुवाद केला. त्यातल्या एका कलमाला ‘इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांना व स्वाक्षऱ्यांना कायदेशीर मान्यता’ असं शीर्षक दिलं. तपासणाऱ्यांनी त्यावर तीन दुरुस्त्या सुचवल्या. ‘दस्तऐवज’ नको, ‘अभिलेख’ हवा. ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ नको, ‘डिजिटल’ म्हणा, अर्थ एकच. आणि ‘मान्यता’ मोघम आहे, ‘वैधता’ लिहा. यातलं काय घ्यावं, काय सोडावं? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की सही आणि स्वाक्षरी यांत काही फरक आहे का.

शेवटून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

बँकेत आपण सही करतो, लेखकाकडून स्वाक्षरी घेतो. बोलताना सही, छापील अर्जावर स्वाक्षरी. एवढाच फरक वाटतो, पण दोन्ही शब्द दोन वेगळ्या घरांतले आहेत. ‘स्वाक्षरी’ संस्कृत वळणाची: स्व आणि अक्षर, म्हणजे आपल्या हातची अक्षरं. ‘सही’ आली अरबीतल्या ‘सहीह’वरून, फारसीच्या मार्गाने. सहीह म्हणजे धड, निर्दोष, खरं. ‘सहीसलामत’मध्ये तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे, आणि हल्लीची मुलं एखादी गोष्ट आवडली की ‘सही!’ म्हणतात, तीही त्याच घराण्यातली. सही करणं म्हणजे मुळात ‘हे खरं आहे’ असं म्हणणं. अक्षरं काढलीच पाहिजेत असं तो शब्द म्हणत नाही.

स्वाक्षरी म्हणते. म्हणून ज्याला अक्षर येत नाही त्याची स्वाक्षरी कशी, हा प्रश्न पडतो. जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराचं चित्र असतं आणि शेजारी ‘निशाणी नांगर’ अशी नोंद. पुढे नांगराच्या जागी डाव्या हाताचा अंगठा आला. कायद्यानेही हे फार पूर्वी ओळखलं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये सही करणे या शब्दाची व्याख्या देताना, ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही त्याच्याबाबतीत ‘खूण’सुद्धा त्यात धरली आहे. म्हणजे अक्षराचा आग्रह कायद्याला कधी नव्हताच. त्याला हवी असते ती माणसाची संमती आणि ती त्याचीच आहे याची खात्री.

आता डिजिटल आणि इलेक्ट्रॉनिक. इथे तपासणारे चुकले आहेत, पण चूक समजण्यासारखी आहे, कारण आधी कायद्यातही एकच शब्द होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला तेव्हा त्याच्या पाचव्या कलमात मान्यता होती ती फक्त डिजिटल स्वाक्षरीला. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे एक ठरावीक तंत्र: किल्ल्यांची जोडी, एक खाजगी, एक सार्वजनिक, आणि हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची ओळ. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, त्या कलमात डिजिटलच्या जागी इलेक्ट्रॉनिक हा शब्द घातला. कायदा एका तंत्राला बांधलेला राहू नये हा त्यामागचा हेतू. तेव्हा आज इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी हे कुटुंब आणि डिजिटल स्वाक्षरी त्यातली थोरली बहीण. मोबाइलवर ओटीपी घेऊन आधारवर होणारं ई-साइन हेही त्याच कुटुंबात, कारण अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत त्या पद्धतीचा समावेश केलेला आहे. मात्र कागदावरच्या सहीचा फोटो काढून वर्डच्या फाइलमध्ये चिकटवला, तर तो फोटोच. कलम ५ ज्या स्वाक्षरीबद्दल बोलतं ती ही नव्हे. (त्यामुळे करारच झाला नाही असं मात्र समजू नका. कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाही. तो झाला हे दुसऱ्या पुराव्याने दाखवता येतं.)

डिजिटलला परिभाषेत ‘अंकीय’ म्हणतात. मला हा शब्द आधी रुक्ष वाटायचा. मग लक्षात आलं, की संस्कृतात अंक म्हणजे आकडाही आणि खूणही. ‘अंकित’ म्हणजे खूण केलेला. म्हणजे अंकीय स्वाक्षरीत नांगराची निशाणी आपसूक येऊन बसली. उलट ‘डिजिटल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘डिजिटस’ आहे, म्हणजे बोट. एका शब्दात नांगर, दुसऱ्यात अंगठा! हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर सिद्धान्त उभारू नये, पण आवडला म्हणून सांगितला.

ती स्वाक्षरी करते काय, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. सरकारी दाखल्यांवर आणि उताऱ्यांवर ‘डिजिटल स्वाक्षरीत’ असं सर्रास छापलेलं असतं, दीर्घ ‘री’ काढून. शब्द हवा ‘स्वाक्षरित’, कारण प्रत्यय ‘इत’ आहे: लिखित, मुद्रित, तसं स्वाक्षरित. दीर्घ ‘री’ने लिहिलं की ‘स्वाक्षरी’ला सप्तमीचा ‘त’ लागतो आणि अर्थ होतो ‘स्वाक्षरीमध्ये’. समजा अशा एका दाखल्याच्या पीडीएफवर अधिकाऱ्याने डिजिटल सही केली आहे. सही करताना संगणक अख्ख्या फाइलचा हॅश काढतो. एसएचए-२५६ ही नेहमीची पद्धत असेल तर चौसष्ट चिन्हांची एक ओळ निघते, फाइल एका पानाची असो की हजार पानांची. ती ओळ अधिकाऱ्याच्या खाजगी किल्लीने बंद होते, आणि जोडीतल्या सार्वजनिक किल्लीने कोणालाही ती फाइलशी ताडून पाहता येते. आता माझ्यासारखा कोणी शुद्धलेखनाचा आजारी माणूस त्या फाइलमध्ये शिरला आणि ‘स्वाक्षरीत’ची वेलांटी बदलून ‘स्वाक्षरित’ केलं, तर नव्या फाइलच्या हॅशमध्ये चौसष्टपैकी एखादं चिन्ह बदलत नाही, सगळी ओळच निराळी होते. उघडणाऱ्याला तत्काळ दिसतं की सहीनंतर कोणीतरी हात लावला आहे. व्याकरण सुधारलं, दाखला बिघडला.

हे काम ‘स्वाक्षरी’ या शब्दात कुठेच नाही. कागदावरची स्वाक्षरी खाली असते, वरच्या मजकुरात कोणी शून्य वाढवलं तर तिला पत्ता लागत नाही. मराठीत या कामाला जुना शब्द आहे, मोर्तब. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की तिथे मोर्तबाचा छोटा शिक्का, ‘मर्यादेयं विराजते’. इथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. मुद्रा सांगते कोणाचं पत्र, मोर्तब सांगतं किती पत्र. डिजिटल सही ही दोन्ही कामं एकदम करते. परिभाषा ठरवणाऱ्यांनी मला विचारलं असतं तर मी ‘अंकीय मोर्तब’ सुचवलं असतं, आणि त्यांनी ते हसून बाजूला ठेवलं असतं.

अशा दाखल्याची छापील प्रत काढली की सही त्या कागदावर उतरत नाही, एवढंही लक्षात ठेवावं. छापून येतं ते तिचं चित्र. कित्येक प्रिंटांवर सहीच्या चौकटीत प्रश्नचिन्ह तसंच छापलेलं दिसतं, कारण ती तपासायच्या आधीच कोणीतरी प्रिंटचं बटण दाबलेलं असतं. तपासणी होते ती फाइलची.

दस्तऐवज की अभिलेख? माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या चौथ्या कलमात मूळ इंग्रजी शब्द ‘रेकॉर्ड’ आहे, आणि त्याला मराठी कायदेलेखनात ‘अभिलेख’ रूढ आहे, जसं भूमी अभिलेख. तुमचं कलम त्या अधिनियमाचा हवाला देत असेल तर तिथे ‘इलेक्ट्रॉनिक अभिलेख’च लिहा. एरवी ‘दस्तऐवज’ चुकीचा ठरवायचं कारण आता उरलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक व डिजिटल अभिलेख हे दस्तऐवज म्हणून धरले आहेत, आणि उदाहरणांत ईमेल, सर्व्हरच्या नोंदी, संदेश, व्हॉइसमेलसुद्धा आहेत. तसं पाहिलं तर १८७२ च्या पुरावा कायद्यातही दगडावरचा लेख दस्तऐवज होताच, कागदाची सक्ती तेव्हाही नव्हती. व्युत्पत्तीचा हट्ट धरला तर मात्र पंचाईत: दस्तऐवजातला ‘दस्त’ म्हणजे फारसीत हात. हाताने धरता न येणाऱ्या फाइलला दस्तऐवज म्हणायचं का? म्हणायचं. शब्द आपलं मूळ खिशात घेऊन फिरत नाहीत. फक्त ‘दस्तावेज’ लिहू नका, ते हिंदी रूप आहे. आणि इलेक्ट्रॉनिकला ‘विद्युतीय’ करू नका. विद्युतीय म्हणजे विजेवर चालणारं, पंख्यासारखं.

राहिली मान्यता. ही दुरुस्ती मुळीच स्वीकारू नका. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा जो नमुना कायदा तयार केला आणि ज्याच्या आधारे अनेक देशांनी आपापले कायदे केले, त्यातलं मूळ सूत्र नकारार्थी आहे: केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात आहे एवढ्याच कारणावरून माहितीचा कायदेशीर परिणाम नाकारता येणार नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या चौथ्या कलमाची रचना अशी, की कायद्याने मजकूर लेखी असावा म्हटलं असेल आणि तो इलेक्ट्रॉनिक रूपात, पुढे पाहता येईल असा उपलब्ध असेल, तर ती अट पूर्ण झाली असं मानलं जाईल. हे ‘मानलं जाईल’ महत्त्वाचं. समोर कागद नाही, पण आहे असं कायदा मानतो. ‘मान्यता’ त्याच ‘मानणे’च्या कुळातली आहे. वैधता ही पुढची पायरी. धाक दाखवून घेतलेली डिजिटल सही किंवा अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व्यक्तीने केलेला ऑनलाइन करार कायद्याला इलेक्ट्रॉनिक म्हणून मान्य असतो, तरी वैध ठरेलच असं नाही. ‘ग्राह्यता’ आणखी वेगळी. तिचा संबंध न्यायालयात पुरावा म्हणून घेण्याशी, आणि त्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची वेगळी अट आहे. तीन शब्द, तीन टेबलं. अनुवादात ते एकमेकांच्या जागी बसवले तर वकील खूश होतील, पण विरुद्ध बाजूचे.

आणि शीर्षकात ‘सर्व’ हा शब्द घालायचा मोह झालाच तर थांबा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्तऐवज या मान्यतेतून वगळलेले आहेत आणि त्यांत मृत्युपत्र आहे. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमानुसार साधं मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी किंवा आपली खूण करावी आणि दोन साक्षीदार असावेत. म्हणजे मृत्युपत्रावर आजही अंगठा चालतो. चौसष्ट चिन्हांची ती ओळ चालत नाही.