डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नांना वेळ का पुरत नाही?

आपण विचारले आहे की, बी.कॉम.ला गणितात चांगले गुण असूनही एमबीएच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅटच्या सराव परीक्षेत डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नांना वेळ पुरत नाही, तर रोज किती प्रश्न सोडवावेत आणि कोणते पुस्तक घ्यावे. या प्रकारात एक प्रश्न आणि दोन विधाने देतात, आणि उत्तर मिळायला कोणते विधान पुरेसे आहे एवढेच ठरवायचे असते. संख्येकडे आणि पुस्तकाकडे मी नंतर येते, कारण माझ्या मते दुखणे तिथे नाही. आपण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत काढत असणार, आणि ते तर कोणी मागितलेलेच नसते. ही सवय गणितात हुशार असलेल्यांनाच जास्त असते आणि ती शिकवणीतच लावली जाते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करत होते आणि कामाची पाळी संपली की थेट कॉलेज रोडवरच्या एका शिकवणीला जात होते. तिथल्या सरांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकेतला एक प्रश्न फळ्यावर लिहिला. एका मुलाने ७ रुपयांचे काही पेन आणि ११ रुपयांच्या काही वह्या घेतल्या, तर वह्या किती घेतल्या? पहिले विधान असे की पेन आणि वह्या मिळून ९ नग होते. दुसरे असे की एकूण ७५ रुपये झाले. मी हात वर करून ‘बी’ म्हणाले, म्हणजे दुसरे विधान एकटेच पुरेसे आहे. सरांनी विचारले, “मग वह्या किती?” मी म्हणाले, “ते अजून काढलेले नाही सर, पण संख्या एकच निघेल.” सगळा वर्ग हसला. सर म्हणाले की ज्याला उत्तर माहीत नाही त्याने ते निघेल असे म्हणू नये, याला तुक्का म्हणतात. मग त्यांनी दोन समीकरणे मांडली, ३ वह्या असे उत्तर काढले, अज्ञात संख्या दोन म्हणून समीकरणेही दोन लागतात असे सांगितले आणि ‘सी’ला, म्हणजे दोन्ही विधाने मिळूनच पुरेशी आहेत या पर्यायाला, गोल केला. मी कारण सांगायला उठले तेव्हा मला खाली बसायला सांगण्यात आले.

ते कारण मला कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नव्हते. द्राक्षांच्या हंगामात माझे मामा पिंपळगाव बसवंतजवळ महामार्गाच्या कडेला द्राक्षांच्या पेट्या विकायला बसत आणि शाळेला सुट्टी असली की मी तिथे असे. त्या वर्षी लहान पेटी ४० रुपयांना आणि मोठी ७० रुपयांना होती. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मामा वहीत फक्त आलेली रक्कम लिहीत आणि कोणत्या किती पेट्या गेल्या ते मी दुपारी त्या रकमेपुढे भरत असे. २६० रुपये लिहिलेले असले की ३ लहान आणि २ मोठ्या, दुसरे काही बसतच नसे. पण ४२० आले की मी अडून बसे, कारण ७ लहान आणि २ मोठ्यांचेही ४२० होतात आणि नुसत्या ६ मोठ्यांचेही तेवढेच होतात. तेव्हा मामांना विचारल्यावाचून गत्यंतर नसे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की ७ लहान पेट्या आणि ४ मोठ्या पेट्या यांची किंमत सारखीच, म्हणजे २८० रुपये आहे. एका जुळणीतून दुसरी जुळणी मिळवायची तर ७ लहान काढून ४ मोठ्या ठेवाव्या लागतात किंवा त्याच्या उलट करावे लागते, आणि रक्कमच २८० पेक्षा कमी असेल तर अशी अदलाबदल करायला पेट्याच पुरत नाहीत. म्हणून २८० च्या आतल्या रकमेला मामांना विचारण्याची गरज कधीच पडली नाही.

फळ्यावरच्या प्रश्नात तेच होते. ११ पेन आणि ७ वह्या यांची किंमत सारखी, ७७ रुपये. रक्कम ७५, म्हणजे ७७ च्या आत. तेव्हा जुळणी असेल ती एकच. ती जुळणी कोणती, हे न शोधताही विधान पुरेसे आहे हे कळते. रक्कम १५२ असती तर मात्र १७ पेन आणि ३ वह्या किंवा ६ पेन आणि १० वह्या अशा दोन वाटा निघाल्या असत्या, एकूण नगांची संख्या लागली असती आणि सरांचे ‘सी’ बरोबर ठरले असते. मी तुक्का मारला नव्हता. उत्तर एकच आहे हे ठरवणे आणि ते उत्तर काढणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि हा प्रश्नप्रकार पहिल्या कामासाठीच तयार केलेला आहे. जो शिक्षक दुसरे काम करून दाखवल्याशिवाय पहिले मान्य करत नाही, तो विद्यार्थ्याचा वेळ वाया घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला वेळ नेमका कुठे जातो, हे यावरून पाहावे. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नव्या जीमॅटमध्ये हे प्रश्न गणिताच्या विभागातून काढून डेटा इनसाइट्स विभागात ठेवले आहेत. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे येतात, आणि त्यातही तक्ते आणि लांबलचक उताऱ्यांचे प्रश्न जास्त वेळ खातात. त्या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. डेटा सफिशियन्सीत आपला हात त्याकडे जाऊ लागला, तर आपण चुकीच्या वाटेला लागलो आहोत असे समजावे.

‘हो की नाही’ अशा प्रश्नांत आणखी एक घोळ होतो. ‘न’ ही पूर्णांक संख्या मूळ संख्या आहे का, असे विचारले आणि ‘न’ २४ पेक्षा मोठी व २८ पेक्षा लहान आहे एवढेच सांगितले, तर उरतात २५, २६ आणि २७. यातली एकही मूळ संख्या नाही, म्हणजे उत्तर ठाम ‘नाही’ आहे आणि म्हणून विधान पुरेसे आहे. अनेक जण ‘नाही’ आले की विधान अपुरे समजतात. दुसरे विधान तपासताना पहिले विसरून जाणेही जमले पाहिजे. मी सरावात पहिल्या विधानावर चक्क तळहात ठेवत असे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या सांगते. पेट्यांची युक्ती फक्त मोजता येणाऱ्या पूर्ण नगांना लागू पडते. सुटी द्राक्षे किलोवर घेतली असती तर वजन अपूर्णांकातही चालते आणि तेव्हा दोन समीकरणे खरोखरच लागतात. वर्ग असलेल्या समीकरणात अर्ध्यावर थांबणे धोक्याचे असते, कारण ‘क्ष’चा वर्ग १६ असला तर ‘क्ष’ ४ किंवा उणे ४ असू शकतो. आणि आपण राज्याची एमबीए सीईटीही देणार असाल तर तिथला हिशेब वेगळा आहे. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे अडलेल्या प्रश्नात अंदाजाने खूण करून पुढे जाणेच शहाणपणाचे ठरते.

पुस्तकाचे म्हणाल तर परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेचे अधिकृत प्रश्न पुरेसे आहेत. जुनी आवृत्ती हाती असली तरी चालेल, फक्त त्यातले भूमितीचे प्रश्न सोडून द्यावेत, कारण नव्या परीक्षेत भूमिती नाही. रोज दहाच प्रश्न घ्यावेत, पण प्रत्येकाखाली अंतिम संख्या न लिहिता दुसरी संख्या का बसणार नाही किंवा का बसते, एवढे एक वाक्य लिहावे.

कॉलेज रोडवरच्या कोणत्याही शिकवणीची छापील पुस्तिका मिळाली तर उत्तरसूचीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. गेल्या वर्षी माझा मावसभाऊ त्याच सरांकडे जाऊ लागला आणि पुस्तिकेची नवी आवृत्ती घरी घेऊन आला. पेन आणि वह्यांचा प्रश्न तिच्यात तसाच होता, रक्कम ७५ आणि उत्तर ‘सी’. मी पेन्सिलीने ‘सी’ खोडून ‘बी’ केले आणि शेजारी ‘७७’ लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याने ते वर्गात दाखवले, तेव्हा सरांनी पान बराच वेळ पाहिले आणि पुढचा प्रश्न घेतला.