आयडेक्सचा पहिला अर्ज भरताय? आधी हे वाचा

ड्रोनची कल्पना घेऊन आयडेक्सला, म्हणजे संरक्षण क्षेत्रातल्या नव्या तंत्रज्ञानाला अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेला, अर्ज करायचा विचार तुम्ही इथे मांडलात, अभिनंदन! कल्पनेत दम आहे, अर्ज जरूर करा. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपलं तयार उत्पादन कुठल्या तरी ‘चॅलेंज’मध्ये (आयडेक्सने सोडवायला जाहीर केलेल्या प्रश्नात) कोंबणं. मीही पहिल्यांदा हेच केलं आणि अर्ज परत आला. प्रत्येक चॅलेंजमागे सैन्यदलाची खरी अडचण असते. वजन किती चालेल, किती उंचीवर, किती थंडीत, हे मागणीपत्रात दोनदा वाचा. जमलं तर ते उपकरण हाताळलेल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याशी बोला. तासाभराच्या त्या गप्पांत जे कळतं ते कागदावर सापडत नाही.

दुसरं, पैसा. नेहमीच्या चॅलेंजमध्ये अनुदान दीड कोटीपर्यंत, पण तेवढाच वाटा तुम्हालाही उभा करावा लागतो. शिवाय रक्कम टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम दाखवल्यावर येते. मधल्या महिन्यांचे पगार कुठून देणार, हे आजच लिहून काढा.

- स्टार्टअप असाल तर डीपीआयआयटी (केंद्राचा उद्योग विभाग) नोंदणी आधी करा.
- सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत होईल असं लिहू नका.

आयडेक्स प्राइम (आयडेक्सचाच मोठ्या अनुदानाचा प्रकार), डीआरडीओचा टीडीएफ (तंत्रज्ञान विकास निधी) हे सगळं नंतर. आधी एकच चॅलेंज निवडा आणि त्याचा मसुदा इथे टाका, मी नक्की वाचेन.